अक्षरे आणि संकेतांक : वेब प्रोग्रॅमिंगमध्ये मराठी मजकूर हाताळताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी मजकूर असलेली संकेतस्थळे आणि ॲप घडवणाऱ्यांना रोजच्या कामात पडणारे प्रश्न येथे घेतले आहेत. वाचण्याच्या सोयीसाठी सर्व आकडे देवनागरीत आणि फंक्शनांची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. प्रत्यक्ष कोड लिहिताना दोन्ही रोमन लिपीतच टाइप करावी लागतात. संकेतांक दशमान पद्धतीने दिले आहेत, आणि जेथे हेक्साडेसिमल (सोळाच्या पायावरची) पद्धत अभिप्रेत आहे तेथे तसे स्पष्ट म्हटले आहे.

संकेतांक म्हणजे नेमके काय, आणि तो कोण ठरवतो?

संगणकाच्या लेखी प्रत्येक चिन्ह हा एक आकडा असतो. कोणत्या चिन्हाला कोणता आकडा द्यायचा हे आज युनिकोड हे प्रमाणक ठरवते, आणि त्यात ० पासून १११४१११ पर्यंत जागा आहेत. देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ अशा १२८ जागांचा एक सलग पट्टा राखलेला आहे. त्यात अ २३०९ वर, क २३२५ वर, ळ २३५५ वर आणि ॐ २३८४ वर आहे. रुपयाचे ₹ हे चिन्ह मात्र या पट्ट्यात नाही. ते चलनचिन्हांच्या पट्ट्यात ८३७७ वर आहे, कारण ते लिपीचा भाग नसून चलनाची खूण आहे.

या पट्ट्यातील क्रम युनिकोडने नव्याने रचलेला नाही. भारतीय लिप्यांसाठी आपल्याकडे तयार झालेल्या इस्की या प्रमाणकाच्या १९८८ च्या आवृत्तीवरून तो घेतला आहे. त्यामुळेच भारतीय लिप्यांचे पट्टे एकमेकांशी समांतर चालतात : देवनागरी क च्या संकेतांकात ३८४ मिळवले की गुजराती क चा २७०९ हा संकेतांक येतो, आणि ळ च्या बाबतीतही हीच बेरीज लागू पडते.

जावास्क्रिप्टमध्ये अक्षरावरून संकेतांक आणि संकेतांकावरून अक्षर कसे मिळवावे?

अक्षरावरून आकडा काढण्यासाठी चारकोडॲट आणि कोडपॉइंटॲट अशा दोन मेथड आहेत; आकड्यावरून अक्षर मिळवण्यासाठी स्ट्रिंग या ऑब्जेक्टवर फ्रॉमचारकोड आणि फ्रॉमकोडपॉइंट ही दोन फंक्शने आहेत. "क" या स्ट्रिंगवर चारकोडॲट चालवा किंवा कोडपॉइंटॲट, उत्तर २३२५ च येते. त्यामुळे पुष्कळ जणांना वाटते की या एकाच कामासाठी असलेल्या जुन्या-नव्या मेथड आहेत. तसे नाही, आणि दोघींतला फरक देवनागरीत दिसत नाही हीच खरी अडचण आहे.

जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये आली तेव्हा जगातील सगळ्या लिप्या १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ जागांत मावतील असे गृहीत धरलेले होते. पुढच्याच वर्षी युनिकोडच्या २.० आवृत्तीने हा पसारा वाढवला, आणि ६५५३५ च्या पलीकडचे चिन्ह दोन १६ बिटी तुकड्यांत साठवण्याची सोय केली. या दोन तुकड्यांना सरोगेट जोडी म्हणतात. चारकोडॲट त्यातला एकच तुकडा देते. कोडपॉइंटॲट पूर्ण संकेतांक देते. कोडपॉइंटॲट आणि फ्रॉमकोडपॉइंट २०१५ च्या प्रमाणकापासून भाषेत आहेत, तेव्हा नव्या कोडमध्ये जुनी जोडी वापरण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

पण मराठीपुरते काम करणाऱ्याला ६५५३५ च्या पलीकडे जाण्याची गरज कधी पडते?

दोन प्रसंगी पडते. पहिला रोजचा आहे : वापरकर्ता मजकुरात इमोजी टाकतो. दुसरा प्रसंग आपल्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ साली ७.० या आवृत्तीत आली, आणि तिचा पट्टा ७११६८ ते ७१२६३ असा आहे. म्हणजे मोडीतले एकूण एक अक्षर १६ बिटांच्या बाहेर आहे.

मोडी अ चा संकेतांक ७११६८. चारकोडॲट त्याचे उत्तर ५५३०१ असे देते, आणि पुढच्या जागेवर ५६८३२ सापडतो. हे दोन्ही आकडे स्वतंत्रपणे कोणत्याही लिपीतले अक्षर नाहीत. उलट दिशेने फ्रॉमचारकोड या फंक्शनला ७११६८ दिले, तर ते वरचे बिट गाळून ५६३२ एवढेच उरवते आणि पडद्यावर कॅनडातील मूलनिवासींच्या भाषांसाठी असलेल्या अक्षरमालेतले एक चिन्ह उमटते. कोणतीही चूक नोंदली जात नाही, प्रोग्रॅम सुरळीत चालू राहतो. मोडी कागदपत्रांचे लिप्यंतर करणारे साधन कोणी बनवत असेल, तर पहिल्याच दिवशी ही चाचणी करून घ्यावी.

वळसा घालताना, म्हणजे लूप लिहितानाही हाच नियम आहे. जागेचा क्रमांक एकेकाने वाढवत नेणारा जुना लूप सरोगेट जोडी मधोमध तोडतो. फॉर-ऑफ पद्धतीचा लूप एकेक पूर्ण संकेतांक हाती देतो.

"मराठी" या शब्दाची लांबी ३ ऐवजी ५ का येते?

कारण मराठीत ज्याला आपण अक्षर म्हणतो त्याला युनिकोडमध्ये एकच संकेतांक असेल असे नाही. "मराठी" हा शब्द म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशा पाच संकेतांकांनी साठवला जातो : २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८. काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण या प्रत्येकाला स्वतःचा आकडा आहे. जोडाक्षराला मात्र स्वतंत्र आकडा नाही. क्ष म्हणजे क (२३२५), पाय मोडण्याची खूण (२३८१) आणि ष (२३५९); ज्ञ म्हणजे ज (२३३२), पुन्हा २३८१ आणि ञ (२३३४). शाळेत क्ष आणि ज्ञ वर्णमालेच्या शेवटी शिकलेल्या माणसाला हे खटकते, पण साठवण अशीच आहे.

"महाराष्ट्र" हा शब्द घ्या. डोळ्यांना म, हा, रा, ष्ट्र अशी चार अक्षरे दिसतात. संकेतांक दहा आहेत, आणि यूटीएफ-८ मध्ये (संकेतांक बाइटांत साठवण्याची प्रचलित पद्धत) बाइट तीस. या तिन्ही मोजण्या आपापल्या जागी बरोबर आहेत. कोणती कुठे वापरायची हे कामावरून ठरते. डेटाबेसच्या रकान्याची मर्यादा पाहताना संकेतांक किंवा बाइट मोजावेत; माणसाला "अजून इतकी अक्षरे शिल्लक आहेत" असे सांगताना माणूस मोजतो तीच अक्षरे मोजावीत.

यासाठी जावास्क्रिप्टमध्ये इंटल.सेग्मेंटर आहे, आणि २०२४ पासून तो सर्व प्रमुख ब्राउझरांत मिळतो. त्याला ग्राफीम (डोळ्यांना एक दिसणारे अक्षर) हा पर्याय दिला की तो काना-मात्रांसह अक्षर एकत्र ठेवतो. एक खबरदारी आवश्यक आहे : जोडाक्षर न तोडण्याचा नियम युनिकोडच्या मूळ नियमावलीत २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत आला, त्यामुळे जुन्या ब्राउझरवर "क्ष" दोन तुकड्यांत मोजला जाऊ शकतो. आपले वाचक जुने मोबाइल वापरत असतील तर हे तपासून पाहावे.

नावाचे पहिले अक्षर गोलात दाखवायचे आहे. पहिला संकेतांक घेतला तर काय बिघडते?

"श्रीकांत" चे "श" होते आणि "ज्ञानदा" चे "ज" होते. ज्ञानदाच्या नावात ज चा उच्चारच नाही, तिच्या नावापुढे ज का यावा? पहिला ग्राफीम घेतल्यास "श्री" आणि "ज्ञा" मिळतात, आणि ते मराठी वाचकाला योग्य वाटतात. मजकूर ठरावीक लांबीवर कापून पुढे तीन टिंबे देतानाही हीच काळजी घ्यावी लागते. नाहीतर एखाद्या शब्दाची वेलांटी कापली जाऊन "की" चे "क" होते, किंवा पुढचा तुकडा वेलांटीपासून सुरू झाला तर ती ठिपक्यांच्या वर्तुळावर टांगलेली दिसते. ते ठिपक्यांचे वर्तुळ दिसले की समजावे, मात्रेला तिचे व्यंजन सापडलेले नाही.

पीएचपीमध्ये ऑर्ड हे फंक्शन "क" साठी २२४ का देते?

पीएचपीतील स्ट्रिंग ही बाइटांची माळ असते, आणि ऑर्ड त्यातला फक्त पहिला बाइट वाचते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ असतो, म्हणून क, ख, ग काहीही दिले तरी उत्तर तेच येते. उलट दिशेचे सीएचआर फंक्शन आकड्याला २५६ ने भागून बाकी घेते. त्याला २३२५ दिले तर २१ क्रमांकाचा एक अदृश्य नियंत्रक बाइट मिळतो. पीएचपी ७.२ पासून एमबी_ऑर्ड आणि एमबी_सीएचआर उपलब्ध आहेत, तीच वापरावीत. लांबीसाठी एमबी_स्ट्रलेन "मराठी" चे ५ देते, साधे स्ट्रलेन १५ देते, आणि इंटल एक्स्टेन्शनमधले ग्राफीम_स्ट्रलेन ३ देते.

साध्या सबस्ट्रने मराठी मजकूर वीस बाइटांवर कापला की सातवे चिन्ह मधोमध तुटते, कारण वीसला तीनने पूर्ण भाग जात नाही. असा तुटका मजकूर जेसन_एनकोडला दिला तर ते फंक्शन काहीच मजकूर न देता फॉल्स परत करते, आणि पडद्यावर कोरे पान येते. मराठी शीर्षक असलेल्या काही नोंदीच तेवढ्या दिसत नाहीत अशी तक्रार आली, तर पहिला संशय येथे घ्यावा.

संकेतांकावरून यूटीएफ-८ चे बाइट कसे निघतात, हे हाताने करून पाहता येईल का?

येईल, आणि एकदा तरी करून पाहावेच. क चा संकेतांक २३२५. त्याला ६४ ने भागा : भागाकार ३६, बाकी २१. भागाकार ३६ पुन्हा ६४ ने भागा : भागाकार ०, बाकी ३६. आता तीन बाइट असे बनतात : २२४ अधिक ०, म्हणजे २२४, १२८ अधिक ३६, म्हणजे १६४, १२८ अधिक २१, म्हणजे १४९. २२४, १६४, १४९ हा झाला क.

देवनागरीचा पट्टा २३०४ पासून सुरू होतो आणि २३०४ म्हणजे बरोबर ३६ गुणिले ६४. त्यामुळे पट्ट्यातल्या पहिल्या ६४ चिन्हांचा दुसरा बाइट १६४ आणि उरलेल्या ६४ चिन्हांचा १६५ येतो. एखाद्या अनोळखी फाइलचे बाइट पाहताना २२४-१६४ आणि २२४-१६५ अशा जोड्या पुनःपुन्हा दिसल्या, तर तो यूटीएफ-८ मधला देवनागरी मजकूर आहे हे न वाचताही सांगता येते.

एचटीएमएलमध्ये मराठी अक्षरांऐवजी त्यांचे संकेतांक लिहावेत का?

नाही. & आणि # ही चिन्हे, मग २३२५, आणि शेवटी अर्धविराम असे लिहिले की ब्राउझर क दाखवतो हे खरे आहे; # नंतर एक्स लिहून हेक्साडेसिमल ९१५ दिले तरी तोच क दिसतो. पण पान यूटीएफ-८ मध्ये असेल आणि तसे जाहीर करणारा मेटा टॅग पहिल्या १०२४ बाइटांच्या आत असेल, तर सरळ "क" लिहावे. असा मजकूर माणसाला वाचता येतो आणि दुरुस्त करता येतो. संकेतांकांत लिहिलेला परिच्छेद तीन महिन्यांनी उघडल्यावर त्यात शुद्धलेखनाची चूक शोधून दाखवावी!

ज्यांना एचटीएमएलमध्ये स्वतःचा अर्थ आहे ती चिन्हे मात्र संकेतांकाने किंवा नावानेच लिहावी लागतात. & (३८), < (६०), > (६२), दुहेरी अवतरण (३४) आणि एकेरी अवतरण (३९) ही ती पाच. वापरकर्त्याने लिहिलेला मजकूर पानावर छापताना यांचे रूपांतर केले नाही, तर कोणीही आपल्या पानात स्वतःचा स्क्रिप्ट घुसवू शकतो. हे रूपांतर मजकूर साठवताना न करता छापताना, एकदाच करावे. दोन्ही ठिकाणी केले की & चेच पुन्हा रूपांतर होते आणि वाचकाला अक्षरांऐवजी आकडे दिसू लागतात.

१२८ ते १५९ हे आकडे वापरू नयेत. युनिकोडमध्ये तेथे नियंत्रक चिन्हे आहेत, पण एचटीएमएलचे प्रमाणक जुन्या पानांच्या सोयीसाठी त्यातील बहुतेकांचा अर्थ विंडोज-१२५२ या जुन्या सारणीप्रमाणे लावते. १२८ लिहिल्यास युरोचे चिन्ह येते.

दोन शब्द हुबेहूब सारखे दिसतात, तरी शोधात जुळत नाहीत. असे का होते?

मराठीपुरते बोलायचे तर या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. काही वर्षांपूर्वी एका ग्रंथालयाची पुस्तकसूची संगणकावर आणण्याच्या कामात मी होतो. "दुसऱ्या" हा शब्द शोधला की निम्मी पुस्तके सापडत आणि निम्मी सापडत नसत. शीर्षके पडद्यावर शेजारी शेजारी ठेवली, मोठी करून पाहिली. काडीचाही फरक दिसेना. शेवटी दोन्ही शब्दांचे संकेतांक छापले. एकीकडे "ऱ्या" साठी २३५३, २३८१, २३५१, २३६६ असे चार आकडे होते. दुसरीकडे २३५२, २३८१, ८२०५, २३५१, २३६६ असे पाच. टंकलेखन दोघांनी केले होते आणि दोघांचे कळफलक वेगळे होते. एकाचा कळफलक ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरत होता, दुसऱ्याचा साधा र, पाय मोडण्याची खूण आणि त्यानंतर ८२०५ हे अदृश्य जोडचिन्ह.

युनिकोडमध्ये समान रूपे एकसारखी करणारी नॉर्मलाइझ ही सोय आहे, पण ती येथे अर्धेच काम करते. र आणि खालचा नुक्ता (२३६४) असे वेगळे लिहिले असेल तर ती त्यांचा एक ऱ करते. ८२०५ ला मात्र हात लावत नाही. "ॲ" ची गोष्टही अशीच आहे. या अक्षराला २४१८ हा स्वतंत्र संकेतांक २००८ साली मिळाला. त्यामुळे अ (२३०९) आणि वरचा चंद्र (२३७३) असे दोन संकेतांकांनी लिहिलेले रूपही सर्वत्र विखुरलेले आहे, आणि मध्ये ८२०५ घातलेले तिसरे रूपही आढळते. नॉर्मलाइझच्या दृष्टीने ही तिन्ही रूपे निरनिराळी आहेत.

उपाय स्वतःच करावा लागतो. शोधासाठी मजकुराची वेगळी प्रत ठेवावी. तीत २३५२-२३८१-८२०५ हा क्रम दिसेल तेथे २३५३-२३८१ करावे आणि "ॲ" ची तिन्ही रूपे २४१८ वर आणावीत. शोधायला आलेल्या शब्दावरही हीच प्रक्रिया चालवावी. सगळी अदृश्य चिन्हे सरसकट पुसून टाकण्याचा सोपा मार्ग घेऊ नये : ८२०५ पुसले की पाच आकड्यांचे "ऱ्या" साधे "र्या" होते, आणि आचाऱ्यांना वाढलेले जेवण आचार्यांना वाढले जाते. दऱ्या आणि दर्या यांचेही तसेच.

पत्त्याच्या पट्टीत मराठी शब्द टाकला की टक्क्यांची माळ का दिसते?

वेबपत्त्यात ठरावीक रोमन चिन्हेच चालतात, म्हणून इतर प्रत्येक बाइट % आणि दोन हेक्साडेसिमल अंक अशा रूपात जातो. देवनागरीच्या एका चिन्हाचे तीन बाइट म्हणजे नऊ चिन्हे; "मराठी" या पाच संकेतांकांच्या शब्दाची ४५ होतात. ब्राउझर आपल्या पट्टीत सहसा मराठीच दाखवतो, पण पत्ता कॉपी करून पाठवला की माळ बाहेर येते. यात बिघाड काहीही नाही.

पत्त्यातील एखाद्या घटकाची किंमत भरताना एनकोडयूआरआयकंपोनंट वापरावे; एनकोडयूआरआय हे संपूर्ण पत्त्यासाठी असल्याने &, ? आणि = यांना तसेच सोडते. जुने एस्केप फंक्शन वापरू नये, कारण ते क साठी बाइटांऐवजी %, यू आणि संकेतांक असे अप्रमाणित रूप देते आणि ते सर्व्हरवर उलगडत नाही. बेस-६४ (बाइट साध्या रोमन चिन्हांत लिहिण्याची पद्धत) साठीचे बीटूए हे फंक्शन २५५ पेक्षा मोठा संकेतांक दिसताच चूक दाखवून थांबते. आधी टेक्स्टएनकोडरने मजकुराचे बाइट करून घ्यावेत.

पडद्यावर मजकूर विस्कटलेला दिसतो. कशावरून काय ओळखावे?

चौकोन दिसत असतील तर संकेतांक शाबूत आहेत, फक्त त्या लिपीचा फॉन्ट नाही. काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह (६५५३३) दिसत असेल तर बाइटांची माळ मध्येच तुटली आहे. साधी प्रश्नचिन्हे ओळीने दिसत असतील तर बातमी वाईट आहे : कोठेतरी देवनागरी न जाणणाऱ्या सारणीत मजकूर कोंबला गेला, आणि प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरच ६३ हा आकडा साठवला गेला. मूळ प्रत असल्याशिवाय तो मजकूर परत येत नाही.

डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए आणि त्यामागे चलनाचे गोल चिन्ह अशी जोडी पुनःपुन्हा दिसत असेल, तर ते २२४ आणि १६४ हे बाइट आहेत. यूटीएफ-८ मजकूर विंडोज-१२५२ समजून वाचला गेला आहे. हा मजकूर बहुधा उलट फिरवून परत मिळवता येतो, पण पूर्ण मिळेलच असे नाही. विंडोज-१२५२ मध्ये १४१ ही जागा रिकामी आहे, आणि पाय मोडण्याच्या खुणेचा तिसरा बाइट नेमका १४१ आहे. काही प्रोग्रॅम रिकाम्या जागेवरचा बाइट गाळतात; मग परत मिळालेल्या मजकुरात जोडाक्षरेच तेवढी बिघडलेली दिसतात. ठ चा तिसरा बाइट १६० आहे, आणि तो त्या सारणीत न तुटणारी मोकळी जागा ठरतो. वाटेत कोणी त्याची साधी मोकळी जागा केली, की "मराठी" मधला ठ च नाहीसा होतो.

मायएसक्यूएलमध्ये मराठी नीट साठते, मग इमोजी आल्यावरच चूक का येते?

मायएसक्यूएलमधील यूटीएफ८ नावाची जुनी मांडणी एका चिन्हाला जास्तीत जास्त तीन बाइट देते. देवनागरीला तीनच लागतात, म्हणून वर्षानुवर्षे काही बिघडत नाही. इमोजीला आणि मोडीला चार लागतात. तेव्हा सर्व्हरच्या मांडणीनुसार एकतर चूक येते किंवा त्या चिन्हापासून पुढचा सगळा मजकूर गळून जातो. तक्ते, रकाने आणि जोडणी ही तिन्ही यूटीएफ८एमबी४ वर आणावीत, आवृत्ती ८.० पासून हीच मूळ मांडणी आहे.

अर्जात वापरकर्त्याने "४११०३०" असा देवनागरीत पिनकोड लिहिला तर तो संख्या म्हणून वाचला जातो का?

भाषेवर अवलंबून आहे. पायथनमधील इंट देवनागरी अंक बिनतक्रार वाचतो. जावास्क्रिप्टमधील नंबर आणि पार्सइंट "संख्या नाही" असे उत्तर देतात. पीएचपीत पूर्णांकात रूपांतर केले तर ० मिळतो, आणि हा प्रकार सर्वांत घातक, कारण शून्य ही वैध संख्या असल्याने चूक पुढे सरकत राहते.

रूपांतर मात्र अगदी सोपे आहे. देवनागरी ० चा संकेतांक २४०६ आणि ९ चा २४१५. रोमन शून्याचा ४८. तेव्हा २४०६ ते २४१५ मधल्या प्रत्येक संकेतांकातून २३५८ वजा करावेत. मराठी माणसाला मराठी अंक लिहिल्याबद्दल "कृपया योग्य पिनकोड भरा" असे सांगणारा अर्ज मला अजिबात मान्य नाही. एवढी एक वजाबाकी करणे आपले काम आहे, त्याचे नव्हे.

संकेतांकांच्या क्रमाने लावलेली यादी मराठी कोशाच्या क्रमाने का येत नाही?

संकेतांकांत ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसतो (२३५५). आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. म्हणून साध्या सॉर्टने "कळ" हा शब्द "कवच" च्या आधी लागतो. "ॲ" २४१८ वर असल्याने "ॲप" थेट "हळद" च्याही मागे जाते. इंटल.कोलेटरला मराठीचा एमआर हा भाषासंकेत देऊन क्रम लावावा आणि ळ, क्ष, ज्ञ, ॲ असलेली आपली एक छोटी यादी प्रत्येक आवृत्तीवर तपासावी.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना सोपी तक्तेवारी पुरत नाही का?

पुरत नाही. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलींत प्रत्यक्षात रोमन पट्ट्यातले, २५५ पर्यंतचे आकडे साठवलेले असतात. त्यांवर फॉन्टने देवनागरी आकार चढवलेले असतात. फॉन्ट काढला की मजकूर निरर्थक होतो. तक्ता बनवून आकड्याला आकडा लावणे ही पहिली पायरी झाली, आणि त्यातही लांब क्रम आधी बदलावे लागतात. खरे काम पुढे आहे. ते फॉन्ट डोळ्यांना दिसणाऱ्या क्रमाने मजकूर साठवतात : पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने साठवतो : वेलांटी पूर्ण जोडाक्षरानंतर, आणि "कर्म" मधला र् हा म च्या आधी. वेलांटी नुसती एक घर पुढे सरकवली तर "किती" बरोबर येते आणि "स्थिती" बिघडते. संपूर्ण जोडाक्षर ओळखून मगच ती हलवावी.

ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. त्यांचा संकेतांक वेगळा आहे का?

नाही. ल २३५४ आणि श २३५८. हिंदीतही हेच आणि मराठीतही हेच. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी ज्या वळणाचे ल आणि श प्रमाण मानले, ते वळण संकेतांकात नोंदलेले नसते. ते फॉन्टमध्ये असते. दोन्ही वळणे बाळगणारा फॉन्ट पानाची भाषा पाहून योग्य आकार निवडतो, आणि ती भाषा त्याला एचटीएमएल टॅगच्या लँग या गुणधर्मातून कळते. तेथे एचआय हा हिंदीचा संकेत असेल किंवा काहीच नसेल, तर एमआर लिहावे, आणि मग पान पुन्हा उघडून "शाल" हा शब्द पाहावा.